पैसे भरण्याआधी विचारा : नेपाळची यात्रा आणि आपली तब्येत



आज यात्रेबद्दल बोलायचंय. पूर्वी आपली यात्रा म्हणजे आळंदी, पंढरपूर, तुळजापूर, आणि आयुष्यात एकदा काशी. आता गटाच्या बैठकीत नेपाळची पत्रकं फिरतात. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, मनकामना, लुंबिनी. बारा-पंधरा दिवस, चहा-नाश्ता-जेवण धरून अमुक रुपये. व्हिसा लागत नाही, भाषा थोडीफार कळते, देव आपलेच. त्यामुळं हा परदेश आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. पण सोनौलीची सीमा ओलांडली की आपलं आयुष्मान कार्ड चालत नाही, महात्मा फुले योजना चालत नाही, १०८ ची गाडी येत नाही. फोनमधलं सिम गप्प होतं. घड्याळसुद्धा पंधरा मिनिटं पुढं करावं लागतं.

मी आरोग्य खात्यात नर्स होते. निवृत्त झाल्यावर दोनदा बायकांच्या गटाबरोबर नेपाळला जाऊन आले. तुम्हीही जा, जरूर जा. पण माझं म्हणणं असं, की या यात्रेत काय होणार यातलं निम्मं आपण पैसे भरतो त्या दिवशीच ठरतं. कोणत्या महिन्यात जायचं, गाडी कोण चालवणार, किती दिवसांत किती उंच चढायचं, वाटेत कुठं थांबायचं, हे सगळं तेव्हाच ठरतं. आणि नेमकं तेव्हाच आपण एक शब्द विचारत नाही. शेजारणीनं नाव दिलं की आपणही देतो.

आधी महिन्याचं बघू. २३ ऑगस्ट २०२४. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव, भुसावळ भागातले यात्रेकरू पोखऱ्याहून काठमांडूला निघाले होते. तनहुँ जिल्ह्यात त्यांची बस रस्ता सोडून खाली मर्स्यांगदी नदीच्या काठावर कोसळली. २५ हून जास्त माणसं गेली. त्यांत बायका पुष्कळ होत्या. हवाई दलाच्या विमानानं मृतदेह जळगावला आणले. दिवस श्रावणातले होते. त्याच्या सहा आठवडे आधी, १२ जुलैला, तिथल्याच नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथं दरड कोसळून दोन बसगाड्या प्रवाशांसकट त्रिशूली नदीत वाहून गेल्या.

जळगावच्या बसचं नेमकं काय चुकलं त्यात मी जात नाही. मी एवढंच म्हणते, की आपण मुळशीच्या बायका. घाट आणि पाऊस आपल्याला कुणी शिकवायला नको. आषाढात ताम्हिणीची दरड खाली आली की आपण माणगावला जायचं काम पुढं ढकलतो. मग तसाच पाऊस, त्याहून दहापट मोठे डोंगर आणि खाली उधाणलेली नदी, अशा रस्त्यावर आपण दिवसेंदिवस बसून जायला कशा तयार होतो? तर श्रावण पवित्र म्हणून. आणि भातलावणी उरकलेली असते, हात मोकळे असतात म्हणून. यात्रा नेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा तर नुसती झुंबड उडाली होती.

नेपाळात जून ते सप्टेंबर पावसाळा. तो टाळायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा सगळ्यात चांगली असते, पण तेव्हा आपली भातकापणी, खाचरात माणूस मिळत नाही. म्हणून आपल्याकडच्या बायकांना मार्चअखेर ते एप्रिल, म्हणजे होळीनंतरचा काळ बरा. कापणी-झोडणी झालेली, गवत-काडी घरात आलेली. नातवंडांच्या परीक्षा असतात, ते खरं. पण परीक्षेला आजी लागते का हो? सुनेला नाही तर मुलाला चार दिवस डबा करू दे.

आता गाडी. काठमांडू ते पोखरा अंतर दोनशे किलोमीटरच. आपल्या हिशोबानं चार तास. तिथं सात-आठ तास लागतात, रस्ता खणलेला असला तर त्याहून जास्त. पत्रकात मात्र 'सकाळी काठमांडू दर्शन, सायंकाळी पोखरा' असं छापलेलं असतं. म्हणजे निघायला उशीर झाला की रात्री घाट उतरायचा. पैसे भरण्याआधी नेणाऱ्याला सरळ विचारा : रात्री डोंगरात गाडी चालवणार का? चालक एक की दोन? पोखऱ्याच्या वर नेपाळी गाडी आणि नेपाळी चालक देणार की सपाटीवरचीच बस वर रेटणार? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या.

तो म्हणेल, मावशी, देवाला जाताय, भरवसा ठेवा. देवावर भरवसा आहेच, सही तुमची हवी, असं म्हणायचं. बसमध्ये चाळीस जागा असतात. त्यातल्या वीस एका गावच्या गटानं घेतल्या तर निम्मी गाडी तुमची. बँकेत कर्जाचं व्याज विचारताना आपण आता घाबरत नाही, मग इथं कशाला घाबरायचं?

यात्रेच्या प्रवासाचा विमा काढला आहे का, हेही तेव्हाच विचारा. नुसतं 'विमा आहे' यावर थांबू नका. नेपाळमध्ये चालतो का, किती उंचीपर्यंत चालतो, हेलिकॉप्टरनं खाली आणायची वेळ आली तर खर्च देतो का, हे बघा. आणि फॉर्मवर बीपी, साखर, हृदयाचं दुखणं खरं लिहा. लपवलं तर ऐन वेळी विमा कंपनी हात वर करते.

आता मुख्य गोष्ट, उंची. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी मुक्तिनाथ वरच राहतं. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळच यात्रेच्या वेळापत्रकात नसतो.

साधारण २,५०० मीटरच्या वर गेलं की त्रास सुरू होऊ शकतो. डोकं ठणकतं, मळमळतं, अन्न नको वाटतं, चक्कर येते, रात्री झोप लागत नाही. तरुण असो, म्हातारी असो, रोज डोंगर चढणारी असो, कुणालाही होतं. 'मी तर रोज डोक्यावर मोळी घेऊन चढते, मला काय होतंय' असं म्हणू नका. पायात ताकद असली म्हणून विरळ हवा सोसते असं नाही. उलट दणकट बाई भराभर चढते आणि तिलाच आधी लागतं.

यावर खरा उपाय सावकाश चढणं हाच. पोखरा सुमारे ८०० मीटरवर. तिथून जीपनं जोमसोमला जाताना वाटेत तातोपानीला एक मुक्काम करावा. गरम पाण्याची कुंडं आहेत, अंगही शेकून निघतं. दुसरी रात्र जोमसोमला, २,७०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ, दर्शन, आणि दुपारी परत खाली. वर मुक्काम करायचा नाही. पोखऱ्याहून जोमसोमला विमानही जातं, वीस-पंचवीस मिनिटांत. पण वीस मिनिटांत ८०० वरून २,७०० वर पोचवलेल्या शरीराला काही कळायलाच वेळ मिळत नाही, म्हणून विमानानं गेलात तर जोमसोमला एक रात्र जास्त थांबा. आणि हवा खराब आहे म्हणून विमान रद्द झालं तर भांडू नका. २९ मे २०२२ ला याच मार्गावरचं छोटं विमान डोंगरावर आदळलं आणि २२ जण गेले. त्यांत आपल्या ठाण्याचं एक अख्खं कुटुंब होतं, चौघं.

डोकं दुखायला लागलं तर तिथंच थांबा, वर चढू नका. विश्रांतीनं कमी झालं तर ठीक. वाढलं तर खाली यायचं. आणि ही दोन लक्षणं तर सगळ्यांनी पाठ करा. बसल्या जागी धाप लागणं, खोकला येणं, थुंकीत गुलाबी फेस दिसणं, याचा अर्थ फुप्फुसात पाणी भरतंय. दारू प्यायल्यासारखं तोल जाणं, भलतंच बोलणं, हाक मारली तर नीट ओ न देणं, याचा अर्थ मेंदूला सूज येतेय. यात सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, दर्शन राहिलेलं असो, जीप करून त्या बाईला खाली आणायचं, आणि तिच्याबरोबर कुणीतरी आपली बाई पाहिजेच. खिशात मावणाऱ्या प्राणवायूच्या डब्या विकायला असतात, त्या चार मिनिटांत संपतात. त्यांच्या जोरावर वर थांबू नका.

काही जणींना डॉक्टर आधीपासून अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी देतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, शेजारणीची नाही. सल्फा औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. आणि त्या गोळीनं लघवीला जास्त लागतं. तो विषय पुढं येतोच आहे.

मुक्तिनाथच्या देवळामागं १०८ धारा आहेत आणि पुढं दोन कुंडं. पाणी बर्फाचं. सगळ्या धारांखालून पळत जायचं आणि कुंडात बुडी मारायची अशी रीत. मी बघितलं, आमच्यातल्या सत्तरीच्या एक आजी ओल्या लुगड्यात थरथरत उभ्या, ओठ निळे पडलेले, आणि सगळ्या म्हणतायत, 'पुण्यवान हो आजी!' मी त्यांना ओढून बाजूला नेलं, कोरडं नेसवलं, शालीत गुंडाळलं. अर्ध्या तासानं त्या बोलायला लागल्या. ज्यांना बीपी आहे, हृदयाचं दुखणं आहे, दमा आहे, वय झालंय, त्यांनी प्रत्येक धारेचं पाणी बोटांनी डोक्याला लावावं. देव त्याला नाही म्हणत नाही. तरीही अंघोळ करायचीच असेल तर कोरडे कपडे हातात धरून एक बाई बाहेर उभी पाहिजे.

आणि निघायच्या तीन महिने आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन, बीपी, साखर तपासून घ्या. तीन महिने अशासाठी, की आपल्या बायकांत रक्त कमी असणं नेहमीचं, आणि ज्या बाईच्या अंगात रक्त कमी तिला विरळ हवा जास्त बाधते. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढायला दोन-तीन महिने लागतात. आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही. गरोदर बाईनं मुक्तिनाथ पुढच्या खेपेला ठेवावं.

आता तो विषय. बायकांनी मोकळेपणानं बोलायचा आणि कुणीच न बोलणारा. बस आठ-दहा तास चालते. पुरुष कुठंही उतरतात. आपण काय करतो? पाणीच पीत नाही. सकाळी चहाचे दोन घोट, मग थेट रात्री. दोन्ही यात्रांत मी हेच बघितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेक बाई हळूच येऊन सांगते : नर्सबाई, लघवीला जळजळतंय. कुणाला ताप भरतो, कुणाचं डोकं दुखतं आणि ते उंचीनं की पाणी न पिल्यानं हेच कळत नाही. दिवसभर एका जागी बसून पाय सुजतात, पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते. एक पोटरी सुजून दुखायला लागली, लाल-गरम झाली, तर ती चोळायची नाही, डॉक्टरला दाखवायची.

एका खेपेला आमचा यात्रा व्यवस्थापक म्हणाला, सारखी गाडी थांबवली तर दर्शन चुकेल. मी म्हटलं, चुकू द्या. तुम्हाला एवढं भांडायची वेळ येऊ नये म्हणून हेही आधीच ठरवा : दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबणार, आणि जिथं बायकांसाठी दार लागणारं शौचालय आहे तिथंच थांबणार. कागदावर ही पहिली अट लिहा. तिथं लिहायला लाज वाटत असेल तर मला बोलवा, मी लिहीन. थांबलं की लघवी झाली-नाही झाली तरी सगळ्यांनी उतरून पाच मिनिटं चालायचं. आणि दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं.

पाणी मात्र उकळलेलं किंवा बंद बाटलीतलं. झाकण नीट बंद आहे ना ते बघा. नेपाळात जुलाब, विषमज्वर, कावीळ ही पाण्यातून होणारी दुखणी आहेत, आपल्याकडं आहेत तशीच. कापून ठेवलेली काकडी, बर्फाचा गोळा, उघडी चटणी नको. गरम डाळ-भात उत्तम. तिथं तो दोन्ही वेळेला मिळतो, आपल्या भातखाऊ माणसांची चंगळ. पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. उपास असला तरी पाणी सोडायचं नाही, आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं यात्रेत निर्जळी उपास करूच नये.

पशुपतिनाथाला आणि स्वयंभूनाथाला माकडं फार. हातातला प्रसाद ओढतात. चावलं किंवा ओरखडलं तर हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. कुत्र्याचंही तेच.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पासपोर्ट किंवा निवडणुकीचं मतदार ओळखपत्र लागतं. नुसतं आधार ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना चालतं. मधल्या वयाच्या बाईनं मतदार कार्ड घ्यायचंच. मूळ कार्ड, झेरॉक्स नाही. पैशाचं म्हणाल तर आपल्या १०० रुपयांचे तिथं १६० होतात. १०० च्या नोटा सगळीकडं चालतात. मोठ्या नोटांचे नियम मात्र अनेकदा बदललेत, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा.

रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, निम्म्या आपल्या हातातल्या पिशवीत, निम्म्या मैत्रिणीच्या. बसच्या टपावरच्या बॅगेत औषध ठेवलं म्हणजे ते नसल्यासारखंच. आणि यात्रा बारा दिवसांची असली तर गोळ्या वीस दिवसांच्या न्या. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला, तेव्हा महाराष्ट्रातले कितीतरी प्रवासी हॉटेलात अडकून पडले होते. अशा वेळी बाहेर बघायला जायचं नाही, गर्दीचे फोटो काढायचे नाहीत, आणि काठमांडूत लैनचौरला भारताचा दूतावास आहे, त्याच्याशी संपर्क करायचा. दूतावासाचा फोन नंबर निघण्याआधी मुलांकडून काढून घ्या आणि कागदावर लिहा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.

त्याच कागदावर आपलं नाव, गाव, घरचा नंबर, कोणतं दुखणं, कोणतं औषध किती वाजता, कशाची अ‍ॅलर्जी, हे लिहून ब्लाऊजच्या खिशात किंवा बटव्यात ठेवा. देवनागरीत लिहिलं तरी चालेल, कारण नेपाळी लिपी आपलीच. पाट्या वाचता येतात, ही मोठीच सोय. दवाखान्याला तिथं 'अस्पताल' म्हणतात, औषधाच्या दुकानाला 'औषधि पसल', पोलिसांना 'प्रहरी'. डोकं दुखत असेल तर म्हणायचं, 'टाउको दुख्यो'. उकळलेलं पाणी हवं तर 'उमालेको पानी'. आणि चालक गाडी पळवायला लागला तर सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं, 'बिस्तारै, दाइ, बिस्तारै!' म्हणजे हळू, दादा, हळू. बैठकीत दोनदा म्हणून बघा, जमतं.

आता पेन घ्या, तीन नंबर सांगते. नेपाळमध्ये पोलीस १००. रुग्णवाहिका १०२, आपल्यासारखी १०८ नाही. पर्यटकांसाठीचे पोलीस ११४४. पुन्हा सांगते : १००, १०२, ११४४. हे नंबर तिथल्या फोनवरून लागतात, म्हणून सीमा ओलांडल्यावर दहा बायकांमागं एक तरी नेपाळी सिम घ्या. ते घेताना ओळखपत्र आणि फोटो लागतो, दोन फोटो इथूनच न्या.

ज्या गटांनी नेपाळसाठी नावं दिली आहेत, त्यांनी तो अटींचा कागद पुढच्या बैठकीत वाचून सगळ्यांच्या सह्या घ्या. नेणारा सही करायला तयार नसेल तर पैसे भरू नका, दुसरा बघा.